कृपा कमवायची नसते

बाळा, एखाद्या दिवशी प्रार्थना राहिली की देव रुसला असं तुला वाटतं, हे वाचून जीव कळवळला. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं मीही असाच धसका घेऊन जगलो.

आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय उघड. बापाकडून घेतलेली मालमत्ता उडवून बसलेल्या उधळ्या पुत्राने परतताना काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. शेवटी म्हणायचं होतं, मला एका चाकरासारखं ठेवा. बाप भेटल्यावर मात्र ते वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही! तो दूर असतानाच बाप धावत येतो, गळ्यात पडतो, मुके घेतो आणि झगा, अंगठी, जोडा मागवतो. मुलाने अजून काहीच भरून दिलेलं नाही. इथे सावकाश थांब.

मग पौलाचं रोमकरांस पत्र, 5:8 (अध्याय 5, वचन 8). आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला, सुधारल्यावर नव्हे. इफिसकरांस पत्राचा 2 रा अध्याय वाचताना, तारण (पापातून सुटका) कृपेने मिळतं, कर्मांनी नाही, असं सांगणाऱ्या आठव्या-नवव्या वचनांवर थांबू नकोस (बरेच जण थांबतात). दहाव्यात सत्कृत्यं येतात, तारणाच्या मागून.

उपवास, प्रार्थना चालू ठेव, पण हजेरी लावल्यासारखी नको. चूक झाली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री देवाशी बोल आणि स्तोत्र 103 मोठ्याने वाच.