हवालदाराचं पुढचं पोस्टिंग वडिलांनी काढू नये

प्रश्न : मी सुभेदार पदावरून निवृत्त झालो, सातारा जिल्ह्यात राहतो. मुलगा ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची यंत्रं-उपकरणं सांभाळणाऱ्या दलात, हवालदार आहे, ट्रेड इलेक्ट्रिशियन पॉवर. 18 वर्षं सेवा करून येत्या मार्चमध्ये पेन्शनवर येतोय. त्याला सोलरचं खूळ लागलंय. वर्दीत मानानं राहिलेल्या माणसानं कंपनीतल्या पोरासोरांच्या हाताखाली वायरमनकी करावी, हे मला पटत नाही. त्याच्याकडे आर्मीचं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट आहे, त्यावर महावितरणमध्ये ज्युनियर इंजिनिअर होता येईल ना? नाहीतर फंडाच्या पैशांतून पेट्रोल पंप घालून द्यावा म्हणतो. एका ओळखीच्या माणसानं डिफेन्स कोट्यातून नक्की करून देतो म्हटलंय, त्याला 50 हजार टोकन दिलंय. सूनबाईंचंही मत माझ्यासारखंच आहे.

उत्तर : सुभेदारसाहेब, नमस्कार.

आधी ते 50 हजार. पंपाची डीलरशिप तेल कंपन्या जाहिरात देऊन, अर्ज मागवून, सोडतीनं किंवा बोलीनं देतात. संरक्षण दलांसाठी राखीव जागा असतात हे खरं. पण सोडतीत कुणाची चिठ्ठी निघेल हे ‘नक्की’ करून देणारा माणूस एक तर खोटं बोलतोय, नाहीतर गुन्हा करतोय. पैसे परत मागा. ऑनलाइन पाठवले असतील आणि तो टोलवाटोलवी करू लागला, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आता पत्राबद्दल. त्यात तुमचं मत आहे, सूनबाईंचं आहे, त्या ओळखीच्या माणसाचंसुद्धा आहे. मुलाचं मत मात्र तुम्ही एका शब्दात उरकलंत, ‘खूळ’. टोकन दिल्याचं त्याला माहीत आहे का? नसावं, असं मला वाटतं. आणि फंड कुणाचा? कम्युटेशन म्हणजे त्यानं स्वतःची पेन्शन 15 वर्षं कमी करून घेऊन उचललेला पैसा. तो कशात घालायचा हे तुम्ही परस्पर ठरवून मोकळे झालात. तुम्हाला ‘यस सर’ ऐकायची सवय, त्याला म्हणायची. घरी तो वाद घालत नसेल, तर त्याला होकार समजू नका. इतकी वर्षं त्याचं पोस्टिंग दुसऱ्यांनीच काढलं. आता पहिल्यांदा ते त्याच्या हातात येतंय, तर तिथंही ऑर्डर तुमचीच?

राहिला पोरासोरांचा मुद्दा. पंचविशीतल्या लेफ्टनंटला तुम्ही सॅल्यूट ठोकत होतात, तेव्हा मान गेला नव्हता. त्या लेफ्टनंटला प्रत्यक्षात काम कुणी शिकवलं, हे मी तुम्हाला सांगायला नको. कंपनीतही तेच होतं.

ग्रॅज्युएशन सर्टिफिकेटवरून मात्र फार घोळ होतो, तेव्हा नीट समजून घ्या. केंद्राच्या नियमानुसार, दहावी झालेल्या आणि किमान 15 वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला गट क मधल्या राखीव जागांसाठी पदवीच्या अटीत पात्र धरता येतं. पण कुठं? जिथं तांत्रिक कामाचा अनुभव अत्यावश्यक नाही तिथं, म्हणजे लिपिक वगैरे. ज्युनियर इंजिनिअरला इलेक्ट्रिकलचं शिक्षण लागतं. ते कागद दाखवून भागत नाही, मग त्या कागदामागं 18 वर्षं असोत की 28. गंमत म्हणजे, तुम्हाला कमीपणाची वाटेल अशी विद्युत सहायकाची जागासुद्धा आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मागते. जनरेटर दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या मुलाकडे ते आहे का? आधी ते पाहा. असेल तर जाहिरात आल्यावर अर्ज करू दे. गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना राज्यात 15 टक्के समांतर आरक्षण आहे, वयातही सवलत आहे.

सोलर म्हणजे छतावर पॅनेल बसवणारा पोरगा, हे चित्र तेवढं डोक्यातून काढा. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले प्रकल्प गावाकडच्या सबस्टेशनांजवळ उभे राहतायत. तिथं इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, उच्च दाबाची (एचटी) पॅनेल, बिघाड होताच वीज तोडायला लावणारे रिले असं सगळं असतं. लाइन चार्ज करण्याआधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं उपकरण) लावून बघणारा, अर्थिंग केल्याशिवाय हात न घालणारा, लॉगबुक खरं लिहिणारा माणूस तिथं लागतो. तुमचा मुलगा हेच करत आलाय. पण त्याच्या बायोडेटात ‘हवालदार, शिस्तप्रिय, प्रामाणिक’ एवढंच असेल, तर एचआरला त्यातलं काही कळणार नाही. किती केव्हीए क्षमतेचे जनरेटर सेट सांभाळले, ते सिंक्रोनाइझ केले का, म्हणजे एकत्र जोडून चालवले का, उणे तापमानात कसे चालू ठेवले, हाताखाली किती माणसं होती, हे लिहावं. युनिटचं नाव आणि ठिकाण अर्थातच लिहू नये.

त्याला नवीन शिकावंही लागेल. जनरेटर बंद करता येतो. पॅनेलच्या ओळींत मात्र ऊन असेपर्यंत व्होल्टेज राहतंच, मोठ्या प्रकल्पांत 1,500 व्होल्ट डीसीपर्यंत. एसीवर मुरलेला हात इथं फसतो. सौर तंत्रज्ञ तयार करणारं केंद्राचं सूर्यमित्र प्रशिक्षण त्यासाठी बरं. निवृत्त होणाऱ्या सैनिकांसाठीच्या पुनर्वास महासंचालनालयाचे (डीजीआर) जवान आणि जेसीओंसाठीचे (सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठीचे) अभ्यासक्रम मोफत असतात, त्यात ऊर्जेशी संबंधित काही मिळतंय का ते त्यानं आत्ताच पाहावं. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री किंवा पर्यवेक्षक परवाना तर हवाच. लष्करातला अनुभव त्याची जागा आपोआप घेत नाही. उंचीची भीती नसेल आणि मेडिकल कॅटेगरी शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असेल, तर चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या तुमच्याच जिल्ह्यात आहेत. तिथं जायचं तर उंचीवरच्या कामाचं जीडब्ल्यूओ (पवनऊर्जा उद्योगाची सुरक्षा प्रशिक्षण संस्था) प्रमाणपत्र काढावं.

सुरुवातीचा पगार बहुधा कंत्राटदाराकडून येईल आणि तो तुम्हाला खटकेल. पीएफ, विमा, अपघाताची जबाबदारी हे लेखी घ्यावं. खासगी नोकरीमुळं पेन्शन थांबत नाही, त्यामुळं पहिली एक-दोन वर्षं कमी पगारात शिकणं त्याला परवडेल. पंपात पैसा अडकला, तर परवडणार नाही.

डिस्चार्ज बुकात ट्रेड आणि शिक्षणाच्या नोंदी बरोबर आहेत का, हे त्यानं युनिटमध्ये असतानाच तपासावं. बाहेर पडल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करण्यात महिने जातात. यापुढचे प्रश्न मात्र त्यानं स्वतः लिहून पाठवावेत. त्याच्या वतीनं आलेल्या पत्राला मी उत्तर देणार नाही.