पाकीट लुकलुकतंय, पण मेसेज कुठे आहे?

प्रश्न : माझ्याकडे साधा, बटणांचा मोबाइल आहे. स्क्रीनवर पाकिटाचं चिन्ह सतत लुकलुकतं, पण नवा मेसेज काही सापडत नाही. आलेल्या मेसेजमध्ये कधीकधी नुसते चौकोन दिसतात. उत्तर लिहायला घेतलं, तर 'बाबा' एवढा शब्दही धड उमटत नाही. मुलगा म्हणतो, स्मार्टफोन घे. घ्यावाच लागेल का?
— एक वाचक

उत्तर : नाही, ताई. तुमच्या फोनला काहीही झालेलं नाही.

लुकलुकणारं पाकीट म्हणजे मेसेजची जागा भरली आहे. सिमकार्डात मोजकेच मेसेज मावतात. जागा नसली की नवा मेसेज कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये थांबून राहतो, आणि मुदत संपली की तिथूनही जातो. म्हणून आजच इनबॉक्स उघडा आणि जाहिराती, जुने ओटीपी, रिचार्जच्या सूचना पुसून टाका. जागा झाली की अडकलेले मेसेज बहुधा आपोआप येऊ लागतात. मुलाचे जपून ठेवावेसे वाटणारे मेसेज मात्र घाईत पुसू नका. आधी वहीत उतरवून घ्या. मी स्वतः असंच करते.

चौकोन दिसतात, कारण तुमच्या फोनमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. यावर फोनमध्ये करण्यासारखं काही नाही. मुलाला सांगा, मराठीच लिही, पण इंग्रजी अक्षरांत. त्यात आणखी एक फायदा आहे. एका मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, देवनागरी फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. आपल्याला 'नमस्कार' चार अक्षरी दिसतो, फोन त्याची सात मोजतो. त्यामुळे मराठी मेसेज पटकन दोन-तीन तुकड्यांचा होतो, आणि तेवढी जागाही खातो.

आता 'बाबा'. इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्यातली चारही अक्षरं २ च्या एकाच बटणावर आहेत, म्हणून तुम्ही नेमक्या अवघड शब्दाला अडलात! बी साठी बटण दोनदा दाबा आणि थांबा. कर्सर पुढे सरकला की ए साठी एकदा दाबा. पुन्हा थांबा, आणि तसंच आणखी एकदा. न थांबता दाबत राहिलात तर फोनला वाटतं तुम्ही एकच अक्षर बदलताय. तरीही भलतेच इंग्रजी शब्द उमटत असतील तर शब्द सुचवणारी डिक्शनरी चालू आहे. बऱ्याच फोनवर # दाबून ती बंद होते, नाहीतर लिहिताना 'ऑप्शन्स'मध्ये मिळेल. मराठी लिहिणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही, कायमची बंदच ठेवा.

ओटीपीचा मेसेज आला तर तो कुणालाही फोनवर वाचून दाखवू नका, समोरचा बँकेचं नाव सांगत असला तरी.

मुलाचं म्हणणं काळजीपोटी असेल, पण त्याला एक सांगा: साध्या मेसेजला इंटरनेट लागत नाही, आणि रेंज इतकी कमी असते की बोलणं तुटतं, तेव्हाही तो बऱ्याचदा पोचतो. मेसेजच्या सेटिंग्जमध्ये 'डिलिव्हरी रिपोर्ट' चालू केलात, तर तुमचा मेसेज त्याच्या फोनवर पोचल्याचंही तुम्हाला कळेल.