नास्तिक निघाला, झाला, की होताच?

पारोळ्याच्या एका वाचकांनी विचारलंय: "मुलगा पुण्याला शिकायला असतो. यंदा श्रावणात कानबाईला घरी आला, पण देवीपुढे हात जोडायला तयार होईना. 'मी नास्तीक आहे' म्हणाला. त्यावर त्याची आजी म्हणाली, 'नासतिक म्हंजे नासेलच ना रे भो!' सगळे हसले, पण माझ्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळतोय. या शब्दाचा नासण्याशी खरंच संबंध आहे का? आणि माणूस नास्तीक होतो, बनतो, की असतो? बरोबर मराठी कोणतं?"

आजींची व्युत्पत्ती (अहिराणीत 'नासेल' म्हणजे नासलेला) चुकीची आहे, पण टाकाऊ मुळीच नाही. दूध नासतं, त्या 'नासणे'च्या मुळाशी 'नश्' धातू आहे, नाश पावणे. 'नास्तिक'मध्ये तो धातू नाही. तिथे 'न' आणि 'अस्ति' यांचा संधी आहे: नास्ति, म्हणजे नाही. पण कानाला 'नास' आधी ऐकू येतो, आणि बोलणाऱ्याच्या मनातही बिघडल्याचाच अर्थ असतो, त्यामुळे जोड चपखल बसते. माझी आजीसुद्धा 'नासतिक'च म्हणायची. उपास मोडणारा नासतिक, दिवेलागणीला अंथरुणावर पडणारा नासतिक, घरात शिट्टी वाजवणारा तर पक्का नासतिक. देव आहे की नाही हा प्रश्न तिने त्यांतल्या एकालाही कधी विचारला नाही.

आता पोथीतलं बघू. पाणिनीचं एक इवलंसं सूत्र आहे: 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि दिष्ट म्हणजे दैव, त्यावर ज्याची मती तो दैष्टिक. (हा तिसरा शब्द मेला. माणसं मात्र जिवंत आहेत. घरात कापूस रचून ठेवून भाव वाढायची वाट बघणारे आम्ही सगळे दैष्टिकच की.)

सूत्रातली खरी गंमत अशी की 'आहे' म्हणजे काय आहे आणि 'नाही' म्हणजे काय नाही, याचा त्यात पत्ताच नाही. वाक्यातला कर्ता गायब. ती जागा ज्याने त्याने आपापल्या मताने भरली. काशिका या टीकेने तिथे परलोक घातला: परलोक आहे असं ज्याला वाटतं तो आस्तिक, उलट वाटतं तो नास्तिक. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वेद आला. तर्काच्या जोरावर श्रुतिस्मृतींना कमी लेखणारा तो 'नास्तिको वेदनिन्दकः', आणि त्याला साधूंनी बाहेर काढावं असा आदेशही सोबत आला. आपण आज तिथे ईश्वर घालतो.

ही तीन मापं एकाच माणसाला लावून बघा. जळगावच्या बाजारपेठेतला एखादा जैन व्यापारी घ्या. पुनर्जन्म मानतो, कर्माचं फळ मानतो, म्हणजे काशिकेच्या मापाने आस्तिक. वेद त्याला प्रमाण नाही, म्हणजे मनूच्या मापाने नास्तिक. जगाचा कर्ता असा कुणी ईश्वर त्याच्या दर्शनात बसत नाही, म्हणजे आजच्या मापाने पुन्हा नास्तिक. आणि पर्युषणात तो जे उपास करतो, त्यांपुढे आपली एकादशी म्हणजे फराळच. उलट बाजूला पूर्वमीमांसा बघा. वेदाचं अक्षर न् अक्षर प्रमाण मानणारं, यज्ञाचा कीस काढणारं दर्शन. पण जग निर्माण करणाऱ्या ईश्वरावाचून त्यांचं काही अडलं नाही. जुन्या सांख्यांचंही तेच. तरी ही दोन्ही दर्शनं आस्तिकांच्या पंक्तीत, पाटावर. तेव्हा तुमच्या मुलाला 'नास्तिक' म्हणण्याआधी 'कुणाच्या मापाने?' असं विचारायला हरकत नाही.

आजींना या शब्दात 'नाही' का ऐकू येत नाही, यालाही कारण आहे. अस्ति-नास्तिचं प्राकृतात अत्थि-नत्थि झालं, जुन्या मराठीत आथि-नाथि. ज्ञानेश्वरीत 'नाथिलें' भेटतं, म्हणजे नसलेलं, खोटं. हा धागा पुढे तुटला. आपण 'आहे'वर आलो, आणि अहिराणीत तर 'शे', शेजारच्या गुजरातीतल्या 'छे'ची बहीण. त्यामुळे 'नास्तिक' हा बोलीतून घरंगळत आलेला शब्दच नव्हे. पोथीतून सरळ उचललेला तत्सम, घरात पाहुण्यासारखा अवघडून बसलेला. अहिराणीने स्वतः घडवला असता तर 'नहीवाला' झाला असता, आणि मग आजींनी दुधाची आठवण काढली नसती.

पण माझ्या मते गोंधळाचं खरं घर दुसऱ्याच शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'मानणे'.

आपण बोलताना 'देव आहे का?' असं क्वचित विचारतो. विचारतो ते 'तू देव मानतोस का?', अहिराणीत 'देवले मानस का?' आता हे मानणं दुहेरी आहे. एक मानणं म्हणजे तसं वाटणं, समजणं. पाणिनीची 'मती' आणि आपलं 'मानणं' ही दोन्ही 'मन्' धातूचीच लेकरं. दुसरं मानणं म्हणजे मान देणं, शब्द पाळणं. 'तो थोरल्या भावाला मानतो', 'पंचांचं मानलं', 'आजकालची पोरं कुणाला मानत नाहीत'. या दुसऱ्या अर्थाने पहिल्याला कधीच गिळलंय. तुमचा मुलगा पहिल्या अर्थाने बोलला: मला तसं वाटत नाही. आजींनी दुसऱ्या अर्थाने ऐकलं: हा देवीला मान देत नाही, म्हणजे घराला देत नाही, म्हणजे मला देत नाही. नासेल!

हा घोटाळा खानदेशापुरता नाही. भगतसिंगांनी १९३० साली तुरुंगात आपण नास्तिक का आहोत यावर निबंध लिहिला, त्याची सुरुवातच या आरोपापासून होते की ही नास्तिकता गर्वातून आली असणार. ते सगळं खोडून काढायला त्यांना पानं खर्ची घालावी लागली. ग्रीकांच्या 'अथेओस'चीही तीच कथा. अक्षरशः अर्थ 'देवाविना', पण वापर शिवीसारखा. रोमन लोक सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींना हाच शब्द लावत, कारण ते रोमच्या देवांना मान देत नसत. एका देवापायी जीव द्यायला तयार असलेले लोक, आणि नाव काय तर निर्देव. आपल्याकडचा 'पाखंडी'ही असाच घसरलेला. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे निव्वळ पंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखा असं तो सांगतो.

माझे एक चुलते होते. देवळात जात नसत, घरच्या पूजेला बसत नसत. पण कानबाईच्या रोटांना पहिला पाट त्यांचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हे रोट म्हणजे देवीचा नैवेद्य, ते भाऊबंदांनीच खायचे असतात, परक्याला द्यायचे नसतात. एका वर्षी कुणीतरी टोकलंच: देवीला हात जोडत नाही, मग रोट कसे चालतात? काकांनी रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला, गंगाफळाची भाजी पुढे ओढली आणि म्हणाले, "कानबाई शे का नही ते माले ठाव नही. भाऊबंद ते शेतस ना!" पुढे कुणी बोललं नाही. काटेकोरपणे पाहिलं तर काकांचं वाक्य नास्तिकाचं नाहीच. 'मला ठाऊक नाही' म्हणणारा तो अज्ञेयवादी. इंग्रजीत त्यासाठीचा 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द हक्सलेने १८६९ मध्ये घडवला, आणि मराठीत अज्ञेयवादी म्हटलं की आगरकरांचं नाव निघतं. काकांना यातलं काहीही सांगितलं असतं तर त्यांनी आणखी एक रोट मागितला असता.

आता तुमचा क्रियापदाचा प्रश्न. मला विचाराल तर तोच जास्त मोलाचा, कारण माणूस देवापासून कसा दूर जातो ते नामापेक्षा क्रियापद नीट सांगतं.

'पोरगं नास्तिक निघालं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कलिंगड पांढरं निघतं तसं. निघण्यात आत होतं ते उशिरा कळल्याचा भाव असतो. म्हणजे हे क्रियापद मुलाबद्दल काही सांगतच नाही, सांगतं ते आईबापांच्या अचंब्याबद्दल. 'बनला' मला हिंदीच्या वाऱ्याचं वाटतं. मध्य प्रदेश उशाशी असल्याने आपल्याला ते खटकत नाही एवढंच. साधं 'झाला' पुरे. पण झाला म्हटलं की एखादा दिवस, एखादं पुस्तक, एखादा प्रसंग असावा असं वाटतं, आणि तसं बहुतेकांच्या बाबतीत नसतं. निदान मी ज्यांना ओळखतो त्यांच्या बाबतीत नव्हतं.

म्हणून मला 'सोडणे' आणि 'सुटणे' ही जोडी आवडते. 'त्याने देव सोडला' यात निश्चय आहे: वाचलं, ताडून पाहिलं, एका धर्माचं खरं तर दुसऱ्याचं खोटं कसं असा हिशेब मांडला, आणि सोडला. 'त्याचा देव सुटला' यात कर्ताच नाही. आधी शनिवार सुटला, मग नोकरीच्या गावी देव्हारा मांडायचा राहून गेला, मग एक दिवस संकटात हात आपोआप जोडले गेले नाहीत हे त्याच्याच लक्षात आलं. असा माणूस विचारल्याशिवाय स्वतःला नास्तिक म्हणत नाही, आणि विचारलं तर जरा दचकतो.

तिसरं क्रियापद 'असणे'. धुळ्याकडे सत्यशोधक आणि लाल बावट्याच्या घरांतून अशी माणसं आहेत ज्यांच्या घरी देव्हारा नव्हताच. त्यांनी काही सोडलं नाही, त्यांचं काही सुटलं नाही. धुळ्याचेच कॉम्रेड शरद पाटील, ज्यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, ते पाणिनीच्या सूत्रांचा आधार घेऊन इतिहास मांडत. संस्कृत आलं की आस्तिकता येते असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मात्र सत्यशोधक म्हणजे नास्तिक असं सरसकट धरू नका. फुल्यांनी 'निर्मिक', म्हणजे जगाचा निर्माता, मानला होता. भटजीवाचून लग्न लावलं म्हणून गावाने सत्यशोधकांना नास्तिक ठरवलं, हा पुन्हा मान न देण्याचाच मामला. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनाही हेच भोगावं लागतं. दाभोलकर जन्मभर सांगत राहिले की समितीचा देवाधर्माला विरोध नाही.

आणि 'रुसणे' यात मिसळू नका. आमच्या गल्लीत एका बाईंचा तरणा मुलगा गेला. त्यांनी देव्हाऱ्याला पडदा लावला, वर्षभर दिवा लावला नाही, देवाला नाही नाही ते बोलल्या. लोक कुजबुजले, बाई नास्तिक झाली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. जो नाही त्याच्याशी कुणी भांडत नाही.

लिहिताना कोणता शब्द वापरावा? जगाचा कर्ता ईश्वर नाही असं मत मांडायचं असेल तर निरीश्वरवादी, सगळ्यांत नेमका. पण तो वहीतला शब्द. अमळनेरच्या १९१६ सालच्या तत्त्वज्ञान मंदिरात तो शोभेल, बोरीकाठच्या बाजारात कुणी वापरणार नाही. अश्रद्ध म्हटलं तर माणसावर कसलीच श्रद्धा नसल्याचा ठपका बसतो, तो टाळावा. फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्याचं मुलाने विचारलं, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये 'आपला कोणताही धर्म नाही' असं सांगण्याचा हक्क मान्य केला आहे, तेव्हा तिथे 'नास्तिक' लिहायचं कारण नाही. तो धर्म नव्हेच.

राहता राहिलं शुद्धलेखन. तुम्ही दोन्ही वेळा 'नास्तीक' असं दीर्घ लिहिलंय. सामाजिक, धार्मिक यांच्यासारखा इथेही 'इक' प्रत्यय आहे, म्हणून 'स्ति' ऱ्हस्व. आजींच्या 'नासतिक'मध्ये तो ऱ्हस्वच आहे.