बदामीला निघण्यापूर्वी

चि. विद्यार्थ्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल ही तिन्ही ठिकाणे भाड्याच्या गाडीने एका दिवसात उरकण्याचा तुझा बेत वाचला. तो बदलावास, असे आग्रहाने सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पहिल्या खेपेला मीही तसाच गेलो होतो. दिवस मावळताना ऐहोळेला पोचलो, तेव्हा मेगुती टेकडीवरचे फाटक बंद झाले होते, आणि ज्या शिलालेखासाठी एवढ्या लांब आलो तो न पाहताच परतावे लागले. पुन्हा तिथे जाण्याचा योग यायला सहा वर्षे लागली.

सोलापूरपर्यंत ये आणि तिथून गदगकडे जाणारी गाडी धर. भीमा आणि कृष्णा ओलांडताना खिडकीशी बस; काळी जमीन मागे पडून तांबड्या वालुकाश्माच्या टेकड्या दिसू लागल्या, की इथे राज्य करणाऱ्या चालुक्य राजांना देवळांसाठी दगड कुठून मिळाला हे वेगळे सांगावे लागत नाही. स्टेशनपासून बदामी गाव सुमारे पाच किलोमीटरवर आहे. मुक्काम तिथेच कर आणि किमान तीन दिवस हाताशी ठेव.

पहिला दिवस बदामीच्या लेण्यांना दे. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा इ. स. ५७८ चा लेख आहे; लेण्याची तारीख इतकी नेमकी हाती लागणे दुर्मीळच. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ऐहोळेला नीघ आणि गावातल्या देवळांआधी मेगुतीची टेकडी चढ. मंदिर जैन आहे, पण त्याच्या भिंतीवरचा रविकीर्ती कवीचा इ. स. ६३४ चा संस्कृत लेख वाचल्याखेरीज चालुक्यांची देवळे अर्धवटच कळतात. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्ष राजाचा पराभव केला हे सांगताना कवीने हर्षाच्या नावावरच श्लेष केला आहे. त्याच लेखात ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख येतो, आणि तो वाचताना मराठी माणसाचा पाय तिथून निघत नाही. लिपी जुनी आहे, ओळखू येणार नाही. म्हणून लेखाचे देवनागरी लिप्यंतर घरूनच लिहून ने आणि एकेका ओळीवरून बोट न लावता नजर फिरव. खाली उतरल्यावर दुर्ग मंदिर पाहा. हे नाव देवीवरून नव्हे, दुर्गावरून म्हणजे किल्ल्यावरून पडले आहे. त्याच्या अर्धवर्तुळाकार पाठीमागून प्रदक्षिणेच्या ओवरीत चालताना कोनाड्यातल्या मूर्ती एकेक करून समोर येतात. तिथे घाई करू नकोस.

पट्टदकल मुद्दाम शेवटी ठेवायला सांगतो आहे. रविकीर्तीने ज्याचे इतके गुण गायले त्या पुलकेशीची राजधानी बदामी पुढे पल्लव राजा नरसिंहवर्म्याने जिंकली. त्याचा लेख आजही बदामीतच खडकावर आहे. सुमारे शंभर वर्षांनी चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची राजधानी कांची घेतली, पण तिथल्या कैलासनाथ मंदिराची संपत्ती पाहून ती देवाला परत केली, आणि तसा कन्नड लेख त्याच मंदिरात कोरवला. या विजयाचे स्मारक म्हणून त्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर बांधवले. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट, की सूड घेण्याची संधी हाती असलेल्या राजाने शत्रूचे देऊळ राखले आणि त्याच्या राणीने त्याच दक्षिणी घडणीचे देऊळ आपल्या नदीकाठी उभे केले. शेजारच्याच गळगनाथ मंदिराचे शिखर मात्र उत्तरी धाटणीचे आहे. दोन्ही शिखरे एका नजरेत घेता येतील अशा जागी थोडा वेळ उभा राहा. वेरूळचे कैलास तू पाहिले आहेस, तेव्हा त्याची पूर्वखूण विरूपाक्षात तुला आपोआप सापडेल.

विरूपाक्षात आजही पूजा होते, तेव्हा पादत्राणे बाहेर काढ आणि पूजा चालू असताना छायाचित्रे घेऊ नकोस. पूर्वेच्या मुखमंडपात शिरताच मान वर करून छतावरचा सूर्याचा रथ पाहा. मग आत जाऊन डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांब. हळूहळू खांबांवर शरपंजरी पडलेला भीष्म दिसेल, रावणाच्या वाटेत आडवा आलेला जटायू दिसेल. मूर्तींवर विजेरीचा झोत सरळ मारण्यापेक्षा बाजूने धर, म्हणजे कोरीव काम उठून दिसते.

परतीच्या दिवशी बनशंकरीचे दर्शन घ्यायला विसरू नकोस. आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे. देवळाबाहेर बायका टोपल्यांतून ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेऊन बसलेल्या असतात. हॉटेल शोधत न बसता तिथेच जेव, आणि उन्हे चढायच्या आत स्टेशन गाठ.

तुझा,
गुरुजी