अमेरिकेतला ट्रक, बेळगावातून डिस्पॅच: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा नमस्कार. मी निपाणीचा, बीकॉम झालंय, सध्या तंबाखूच्या वखारीत हिशेब बघायलोय. इन्स्टावर सारखी एक जाहिरात यायलीय, घरबसल्या अमेरिकेतल्या ट्रकांचं डिस्पॅचिंग करा, महिन्याला लाखभर कमवा म्हणून. त्यासाठी पस्तीस हजारांचा कोर्स आहे, सर्टिफिकेट देतो आणि क्लायंट पण देतो म्हणतात. इंग्रजी बऱ्यापैकी येतं, हिंदी चांगली. वडील म्हणतात ट्रकच्या धंद्यात पडू नको. काय करू? आणि करायचं तर सुरुवात कुठून?

उत्तर: काम खरं आहे बघ, त्यात शंका नको. पण पस्तीस हजार भरू नकोस. अमेरिकेत डिस्पॅचर व्हायला सरकारी लायसन नाही की परीक्षा नाही, मग त्या सर्टिफिकेटला विचारतंय कोण? आणि क्लायंट देतो म्हणणाऱ्याकडे खरंच क्लायंट असते तर त्याने तुला पगारावर ठेवून घेतलं असतं, तुझ्याकडून पैसे कशाला घेतले असते.

आता काम काय ते सांगतो. तिकडे एक-दोन गाड्यांचे मालक भरपूर आहेत आणि त्यातले बरेच स्वतःच गाडी चालवतात. स्टिअरिंग हातात असताना भाडं शोधायचं कसं? म्हणून डिस्पॅचर ठेवतात. तू डीएटी नाहीतर ट्रकस्टॉपच्या लोडबोर्डवर (भाड्यांची यादी लागते ती वेबसाइट, दर महिन्याला पैसे भरावे लागतात) त्याच्या गाडीजोगं भाडं शोधायचं, ब्रोकरला, म्हणजे मालवाल्याच्या दलालाला फोन लावून रेट वाढवून घ्यायचा, मालकाचे ॲथॉरिटीचे (वाहतुकीच्या सरकारी परवान्याचे), इन्शुरन्सचे कागद पाठवायचे, रेट कन्फर्मेशन (ठरलेल्या भाड्याचा आणि अटींचा कागद) आलं की ओळ न् ओळ वाचून मगच ड्रायव्हरला निघ म्हणायचं, आणि माल उतरला की सहीचा कागद आणि बिल ब्रोकरकडे पोचवायचं. याचे गाडीमालक तुला भाड्याच्या साधारण ५ ते १० टक्के देतो, काहीजण आठवड्याला ठरीव रक्कम देतात.

इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, कारण नवीन पोरं हमखास इथेच अडकतात. ब्रोकर मालवाल्याचं काम घेतो, त्याला तिथल्या वाहतूक खात्याचं, म्हणजे एफएमसीएसएचं लायसन लागतं आणि ७५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी ठेवावी लागते. डिस्पॅचर गाडीवाल्याचा माणूस. तू कंपनीकडून थेट माल घेतलास आणि दिसेल त्या गाडीला वाटत सुटलास तर ती बिनलायसनची दलाली झाली. एफएमसीएसएने २०२३ च्या जूनमध्ये यावर सविस्तर खुलासाही काढलाय. म्हणून प्रत्येक गाडीमालकाशी लेखी करार कर, पैसे त्याच्याकडूनच घे, आणि ब्रोकरशी बोलताना ‘मी अमुक कॅरियरचा (गाडीवाल्याचा) डिस्पॅचर’ असंच सांग.

मला विचारशील तर डिस्पॅचरचा खरा कस ‘नाही’ म्हणण्यात लागतो. समज गाडी मिलवॉकीत खाली झाली आणि ब्रोकर शिकागो ते अटलांटा १,७०० डॉलर देतोय. शिकागो-अटलांटा साधारण ७१५ मैल, म्हणजे मैलाला २.३८ डॉलर, ऐकायला बरं वाटतं. पण मिलवॉकीहून शिकागोपर्यंत ९० मैल रिकामी गाडी कोण पळवणार? ते धरले की मैलाला २.११ वर आलास. त्यात ब्रोकर म्हणतोय दुपारी दोनला भरा आणि उद्या सकाळी आठला अटलांटात उतरवा. तिथल्या नियमाने ड्रायव्हरला १० तास विश्रांती झाल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, तीही ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत, आणि गाडी किती वेळ चालली ते गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात आपोआप नोंदलं जातं. ७१५ मैलांना तेराएक तास लागणार, मधे १० तासांची झोप, म्हणजे सकाळी आठ होणारच नाही. अशा वेळी वेळ बदलून घ्यायची, नाहीतर भाडं सोडायचं. पाच टक्क्यांच्या मोहाने तू हो म्हटलास तर तो बिचारा ड्रायव्हर एकतर झोप मोडून गाडी हाणणार नाहीतर उशिरा पोचून पैसे कापून घेणार, आणि पुढच्या आठवड्यात तो तुझा फोनही उचलायचा नाही. रात्रीच्या वेळी एका माणसाचा जीव तुझ्या हिशेबावर चालतोय रे, हे कोर्सवाले कधी सांगत नाहीत.

दुसरं म्हणजे परतीचं भाडं. हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. बेळगावातून भाजी भरून गाड्या रोज गोव्याला जातात आणि येताना रिकाम्या येतात, म्हणून जातानाच्या भाड्यातच येण्याचं डिझेल धरलेलं असतं. तिकडे फ्लोरिडाचं तसंच आहे. जाताना रेट चांगला मिळतो, पण तिथनं बाहेर पडायला वर्षातला बराच काळ भाडंच मिळत नाही धड. त्यामुळे फ्लोरिडाचं भाडं घेतानाच बाहेर पडायचं काय ते बघून ठेव.

म्हणून सुरुवात कुठून विचारतोस तर माझं म्हणणं, आधी आपल्याकडच्याच एखाद्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन बस. बेळगावात ऑटोनगरला, नाहीतर तुमच्या निपाणीतच हायवेला. तिथला मुनशी फोनवर पहिला प्रश्न काय विचारतो ऐक, ‘गाडी खाली कधी होणार, कुठं होणार?’ भाड्याचं नंतर. ॲडव्हान्स किती, बॅलन्स कधी, हमाली कुणाकडं, हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याचे पैसे) धरलंय का, हे तो श्वास घेतल्यासारखं विचारतो. अमेरिकेतही हेच आहे, नावं तेवढी वेगळी. हॉल्टिंगला तिकडे डिटेन्शन म्हणतात, सहसा पहिले दोन तास फुकट आणि मग तासावर पैसे, पण रेट कन्फर्मेशनमध्ये लिहून घेतलं असेल तरच.

त्यानंतर लगेच स्वतःचं दुकान मांडू नकोस, एखाद्या डिस्पॅच कंपनीत पगारावर लाग. मोहाली-चंदीगडकडे अशी ऑफिसं आहेत, काही ठिकाणी घरूनही काम देतात. अमेरिकेत पंजाबी गाडीवाले खूप आहेत, तिथं तुझी हिंदी इंग्रजीइतकीच कामाला येईल. स्वतःचं सुरू केलंस की पहिल्यांदा तुझ्याकडे येणार ते नव्या ॲथॉरिटीवाले, आणि काही महिने झाल्याशिवाय बरेच ब्रोकर नव्या एमसी नंबरला (ॲथॉरिटीचा नंबर) माल देत नाहीत, म्हणजे सगळ्यात अवघड गाडी सगळ्यात कच्च्या डिस्पॅचरच्या वाट्याला येते. पगारावर असताना चुका झाल्या तर सांभाळायला वर कोणीतरी असतं.

फसवणुकीचंही बघ. दुसऱ्याच्या नावाने ब्रोकर बनून माल द्यायचा आणि पैसे बुडवायचे असले प्रकार तिकडे खूप चालतात. ब्रोकरचा एमसी नंबर एफएमसीएसएच्या साइटवर फुकट तपासता येतो, आणि तिथं नोंदलेल्या फोनवर तू स्वतः फोन लाव, मेलमधल्या नंबरवर नको. आणि वडिलांना शत्रू समजू नकोस, त्यांनी गाडीवाल्यांचे हाल बघितले असणार. तुझं काम टेबलावरचं आहे हे त्यांना नीट समजावून सांग.

प्रश्न: मी खानापूरची, लग्न झालंय, मुलगा शाळेत जातो. हे काम घरून करायचं मनात आहे. रात्रभर जागावं लागतं का हो?

उत्तर: ताई, बरीचशी रात्र जातेच. उन्हाळ्याच्या घड्याळात न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. कॅलिफोर्नियाच्या गाड्या धरल्या तर त्यांचे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. म्हणून सुरुवातीला फक्त पूर्वेकडच्या राज्यांतल्या गाड्या बघा, तिकडची बुकिंगं बहुतेक दुपारपर्यंत उरकतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-अकरापर्यंत. नंतर एखादा फोन येणारच, गाडी बंद पडली, गोदामात आत घेईनात, असला. तो उचलावाच लागतो, त्यामुळे घरात आधी स्पष्ट बोलून घ्या, दिवसाची झोप तुम्हाला मिळालीच पाहिजे. आणि पावसाळ्यात खानापूर भागात लाइट किती जाते ते मी तुम्हाला काय सांगायचं, इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचं इंटरनेट असल्याशिवाय सुरू करू नका.

प्रश्न: संकेश्वरला माझी एक दहा-चाकी आहे. अमेरिका-बिमेरिका नको, इथंच गाड्या लावून द्यायचं बुकिंग ऑफिस काढायचंय. कागदपत्रं काय लागतात?

उत्तर: हे मला मनापासून आवडलं. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ मध्ये बुकिंग एजंट आणि ब्रोकरही येतात, तेव्हा कॉमन कॅरियर म्हणून नोंदणी करावी लागते, आरटीओ ऑफिसात चौकशी करा. स्वतःच्या नावाची एलआर (माल ताब्यात घेतल्याची लॉरी रिसीट) फाडलीत की मालाची जबाबदारी तुमची आणि जीएसटीत तुम्ही जीटीए, म्हणजे मालवाहतूक एजन्सी धरले जाता, म्हणून पहिली एलआर फाडायच्या आधी सीएला गाठा. ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं, साध्या गाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर नवा गाडी नंबर ई-वे बिलात लगेच टाकायचा, नाहीतर कोगनोळीच्या नाक्यापुढे पकडलं की दंड भरून मोकळे. हंगामात मिरचीचा माल निघतो, तेव्हा परतीच्या गाड्यांचे ड्रायव्हर फोनवर तुम्हालाच विचारतील, तर त्या सगळ्यांचे नंबर आत्तापासून एका वहीत गाडीच्या साइजप्रमाणे लिहून ठेवायला लागा.