गुडघा नवा, पण रात्र सरत नाही

«ताई, मी नौपाड्यात राहते, वय ६६. सात आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचं नी रिप्लेसमेंट झालं. सर्जन म्हणतात, एक्स-रे उत्तम, टाके छान भरलेत. वॉकर सुटला, काठीवर चालते. पण रात्र झाली की धास्तीच वाटते. अकराला आडवी होते, दीडला जाग येते ती पहाटेपर्यंत. पाय कसाही ठेवला तरी ठणकतो. गुडघ्याखाली लोड घेतला तरच जरा बरं वाटतं. पेनकिलर दहा दिवसांपूर्वी माझ्या मनानेच बंद केल्या, किडनीला वाईट म्हणतात ना. मुलानं एवढा खर्च केला, सून ऑफिस सांभाळून सगळं करते, आणि मी उगाचच रडते. परवा आमटीला फोडणी देताना रडू कोसळलं. शेजारच्या बाई ऑपरेशननंतर महिन्याभरात जांभळी नाक्याला भाजी आणायला जात होत्या म्हणे. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यात हा पाऊस. मुलगा म्हणतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू. मी म्हटलं, ठाण्यात राहून आता ‘ठाण्याला’ जायचंच बाकी राहिलंय का? कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. आणि आता डावा गुडघाही करावा लागेल म्हणतात. कसं निभवायचं?»

नौपाड्याच्या ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य आधी घेते, बाकीचं सगळं मागाहून. ‘सकाळ झालीच नाही तर बरं’ हे तुम्ही जागरणाला कंटाळून म्हणता आहात की जगणंच नको झालंय म्हणून, हे मला पत्रावरून कळणार नाही. तुम्हाला मात्र कळतं. जगणं नको झालंय असं आतून वाटत असेल, तर माझं पुढचं वाचत बसू नका. आजच्या आज मुलाला किंवा यजमानांना तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगा. रात्री तीनला कुणाला उठवणं जड वाटलं तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. २०२२ पासून चालू आहे, फोन केव्हाही घेतात, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्याची गरज पडली नाही तर उत्तमच.

आता गुडघ्याकडे येऊ.

तुम्ही लिहिलंय ‘उगाचच रडते’. अहो, उगाच कसं? मांडीचं हाड आणि नडगीचं हाड, दोन्हींची टोकं कापून त्यावर धातूचे भाग बसवलेत, मध्ये प्लास्टिकची चकती आहे. तीन-चार दिवसांत घरी सोडतात म्हणून लोकांना हे दात काढण्याएवढं वाटतं. टाके वरून भरले तरी आतलं काम चालूच राहतं. सूज आणि गुडघ्याचा गरमपणा तीन ते सहा महिने राहू शकतो, आणि पाय ‘आपला’ वाटायला वर्षही लागतं. सातव्या आठवड्यात रात्री ठणकणं हे या हिशोबात बसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत झोप उडालेले पेशंट सर्जनना नवे नाहीत, फक्त आपण होऊन सांगणारे कमी. तपासणीला गेल्यावर डॉक्टर विचारतात, ‘काय, कसं आहे?’ आणि आपण म्हणतो, ‘बरं आहे.’ तुम्हीही तेच म्हणाला असणार, पैज लावते.

आपल्याकडे बाईच्या सोसण्याचं फार कौतुक. ‘हूं की चूं केलं नाही हो’ असं म्हटलं की पिढ्यान् पिढ्या धन्य होतात. या ऑपरेशनात मात्र त्या सोसण्याचा तोटाच होतो. दुखतंय म्हणून व्यायाम अर्धवट, व्यायाम अर्धवट म्हणून गुडघा आखडतो, आखडला की रात्री जास्त दुखतो, झोप गेली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं दुप्पट वाटतं आणि मन खचतं. पेनकिलर या चक्राला मध्येच अडवायला दिलेली असते.

म्हणून पहिलं काम गोळ्यांचं. जुनी पाकिटं टाकली नसतील तर काढून नावं वाचा. सगळ्या पेनकिलर एका माळेचे मणी नसतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या किडनीला आणि पोटाला जपून द्याव्या लागतात. बीपी, मधुमेह असेल तर विशेषच, तिथे तुमची भीती बरोबर आहे. पॅरासिटामॉलचं तसं नाही, ठरलेल्या मात्रेत ती साधारणपणे सुरक्षित असते. मात्र तीच गोळी सर्दीच्या आणि दुखण्याच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत लपलेली असते, तेव्हा नकळत दुप्पट जायला नको. आणि ट्रामाडॉल नावाचं काही दिसलं तर नीट आठवा: ते रोज घेत होतात आणि एका दिवसात बंद केलंत का? तसं केलं तर काही जणांना अस्वस्थ वाटतं, घाम येतो, झोप उडते, जीव घाबरतो. ते हळूहळू कमी करायचं औषध. कॅलेंडर समोर घ्या आणि बघा, रडू वाढलं ते गोळ्या बंद केल्याच्या आधी की नंतर. ही एवढी माहिती सर्जनच्या फार कामाची आहे. फोन करून विचारा, ‘झोपण्याआधी कुठली गोळी, किती वाजता घेऊ?’ दुखणं डोक्यात गेल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा, आडवं होण्याच्या तासभर आधी घेतलेली बरी लागू पडते. पण ती कुठली, हे त्यांनीच ठरवायचं.

झोपेची गोळी मात्र केमिस्टकडून परस्पर आणायची नाही, शेजारणीच्या पाकिटातली तर नाहीच. रात्री दोनला गुंगीत बाथरूमला जाताना तोल गेला तर नव्या गुडघ्याचं काय होईल, सांगायला नको. ट्रामाडॉलच्या जोडीला अशी गोळी श्वासही मंदावू शकते. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा लावून ठेवा, काठी पलंगाला टेकून, आणि पायपुसणी काही महिने गुंडाळून माळ्यावर.

आता तो लोड. तुम्हाला वाईट वाटेल, पण तो काढावा लागणार. गुडघ्याखाली उशी घेतली की पाय जरा वाकलेला राहतो, म्हणून बरं वाटतं. रोज रात्रभर तसाच राहिला तर पुढे तो पूर्ण सरळ होत नाही, आणि पाय सरळ झाला नाही की चालताना लंगड राहते. उताणं झोपलात तर उशी टाचेखाली आणि पोटरीखाली घ्या, गुडघा मोकळा सोडा. सुरुवातीला ताण बसेल, दहा-पंधरा मिनिटांनी काढा, पुन्हा घ्या. कुशीवर वळायचं तर डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी, म्हणजे वरचा उजवा पाय खाली लोंबणार नाही. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं बर्फ लावा, टॉवेलमध्ये गुंडाळून. थेट कातडीवर नको. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागत असेल, त्यामुळे बर्फ जास्त झाला तरी कळत नाही. ते बधिरपण, आणि चालताना येणारी टकटक, या दोन्ही गोष्टी नव्या गुडघ्यात नेहमीच्या. रात्री त्यांचा विचार करत पडू नका.

एक मात्र नेहमीचं नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, लाल आणि कडक झाली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, तर त्याच दिवशी सर्जन. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट जवळचं हॉस्पिटल. तिथे ‘सकाळी बघू’ चालत नाही.

दीडला जाग आली की पडून घड्याळ बघत बसू नका. वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, दोन फेऱ्या घरातल्या घरात, पंजा वर-खाली करायचा व्यायाम करा, खुर्चीत बसून काहीतरी कंटाळवाणं वाचा. मोबाइल नको, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज तर मुळीच नकोत. झोप आली की परत पलंगावर. दुपारी किती झोपता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बरंच झोपत असणार. दुपारी अर्ध्या तासाच्या वर नाही, आणि चारनंतरचा चहा महिनाभर सोडा. हे सोपं नाही, माहीत आहे. सकाळी मात्र कितीही जागरण झालं तरी एकाच वेळी उठायचं आणि गॅलरीत जाऊन बसायचं. पावसातही उजेड असतो, शरीराच्या घड्याळाला तो पुरतो. यजमान तुमच्या कण्हण्यानं जागे होऊ नयेत म्हणून त्यांना हॉलमध्ये झोपायला पाठवलं असेल, तर परत बोलवा. त्यांची झोप मोडली तरी चालेल थोडे दिवस.

जिन्याचं म्हणाल, तर या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. तिसऱ्या मजल्यावर पावसाळाभर कोंडून राहिलं तर धडधाकट माणूसही रडेल. रीडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, तोवर बसून राहता येत नाही. फिजिओथेरपिस्टना स्पष्ट विचारा, जिने सुरू करू का. हो म्हणाले तर त्यांच्यासमोर एकदा करून बघा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी, दुसरा हात कठड्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायला सोसायटीतलं कुणी नाही म्हणणार नाही. पहिले काही दिवस एकच मजला खाली, बसायचं, परत वर. सोबत कुणीतरी हवंच. मग फाटकापर्यंत. पाऊस उघडला की रिक्षानं कचराळी तलावाला जा; तिथला ट्रॅक सपाट आहे, बसायला बाकं आहेत. एक फेरी झाली तरी झाली. तलावपाळीची गर्दी आणि ओला फूटपाथ मात्र अजून नको.

आणि माणसं. पहिल्या आठवड्यात शहाळी, सफरचंदं घेऊन सगळे येऊन जातात. मग येणं थांबतं, नेमकं तेव्हाच घर खायला उठतं. मैत्रिणींना ‘या ना कधीतरी’ असं म्हणू नका, वार आणि वेळ सांगा. भजन असेल, भिशी असेल, ती एकदा तुमच्याकडे ठेवा. भेटायला म्हणून आल्या की गुडघ्यावरच बोलतात, काम घेऊन आल्या की कामाचं बोलतील. जमिनीवर बसता येत नाही म्हणून पूजा सोडली असेल, तर देव टेबलावर घ्या आणि खुर्चीत बसून करा. तुमच्या देवांना काही हरकत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शेजारच्या बाईंच्या जांभळी नाक्याबद्दल इतकंच म्हणते: त्यांचं भाजी आणणं तुमच्या कानावर आलं, त्यांच्या रात्री कुणी सांगितल्या नाहीत.

आता ‘ठाण्याला’ जाण्याबद्दल. या थट्टेचं मला हसूही येतं आणि रागही. इथलं मनोरुग्णालय १९०१चं, त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्राला एकमेकांना ‘ठाण्याला पाठवायची’ सवय लागली आणि आपण ठाणेकरही ती थट्टा स्वतःवर करतो. पण त्याच ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून साध्या संसारी माणसांच्या मनाचं काम करते आहे. तिथे जाणारे तुमच्यामाझ्यासारखेच असतात, पिशवी घेऊन, रिक्षाचे सुट्टे पैसे शोधत. मुलगा जे म्हणतोय ते शहाणपणाचं आहे. मी त्याला एकच दुरुस्ती सुचवेन: आधी फॅमिली डॉक्टर. ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, बी-१२, थायरॉइड, आणि बीपीची काही औषधं चालू असतील तर सोडियमही तपासून घ्यावं लागतं. यांतलं काही कमी असलं तरी माणूस मलूल होतो, रडू येतं. रिपोर्ट ठीक आले, दुखणं आटोक्यात आलं आणि तरीही दोन आठवडे मन तसंच राहिलं, जेवण जाईना, कशात रस वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायची. आणि तिथे गेल्यावर ट्रामाडॉल चालू असेल तर ते आवर्जून सांगायचं, कारण उदासपणाच्या काही गोळ्या त्याच्याबरोबर चालत नाहीत.

मुलाच्या खर्चाचा हिशोब तुम्ही रडून फेडताय असं मला वाटतं. सुनेला एकदा सांगून बघा, ‘रात्री झोप येत नाही गं.’ ती काय करेल मला माहीत नाही, पण तिला ते अजून माहीत नसावं, हा माझा अंदाज.

पुढच्या तपासणीला जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या: रात्री किती वाजता जाग येते, कुठे दुखतं, कुठल्या गोळ्या कधी बंद केल्या, रडू कधीपासून येतं. डॉक्टरांनी ‘कसं आहे’ विचारलं की तोंडानं काही बोलू नका, कागद पुढे करा. डाव्या गुडघ्याचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. त्यांनी काढला तर म्हणा, आधी उजव्याला रात्रभर झोपू दे, मग बोलू.