तुमची लेखनशैली कशी आहे? लिहिण्याच्या काही खास सवयी आहेत का?

मी पुण्याबद्दल लिहितो. बहुतेक वेळा पेठांमधल्या जुन्या इमारती, बाजार आणि तिथली माणसं. माझी शैली याच विषयांनी घडवली. जे वाक्य समोरच्याला तोंडी सांगता येणार नाही, ते मी कागदावर ठेवत नाही. बाकीचं सगळं त्यातूनच आलं.

उदाहरण देतो. मंडईवर लिहायला बसलो तेव्हा वहीत आधी हे उतरलं: ‘सदर इमारतीचे उद्घाटन 1886 साली करण्यात आले असून तिला तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले होते.’ माहिती बरोबर आहे. पण शनिपारावर मित्र भेटला तर त्याला असं कुणी सांगेल का? ‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’ म्हटलं की करणारा माणूसच नाहीसा होतो. मग ते असं झालं: ‘1886 साली मंडई सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. या इमारतीवर पैसा घालायला नगरपालिकेत विरोध केला होता जोतीराव फुल्यांनी. आज मंडईला नाव आहे ते त्यांचंच.’ यापुढे ‘केवढा हा योगायोग!’ वगैरे मी लिहीत नाही. वाचणाऱ्याला दिसतं ते. त्याच्या हातातला घास आपण कशाला काढून घ्यायचा?

‘ऐतिहासिक’, ‘भव्य’, ‘गजबजलेली’ ही विशेषणंही मी टाळतो. मंडईच्या मधोमध अष्टकोनी मनोरा आहे आणि त्याच्याभोवती गाळे, एवढं सांगितलं की पुरतं. गर्दी सांगायची असेल तर दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या माणसाला कपाळावरचा घाम पुसायला कोपर वर करता येत नाही, हे लिहितो.

शब्द शक्यतो तिथलेच ठेवतो. ‘विक्रेत्यांनी माल मांडला होता’ यापेक्षा ‘मावशींनी लिंबांचे वाटे लावले होते’ हे मला कितीतरी जवळचं वाटतं. बोलताना मात्र वही काढत नाही, वही दिसली की माणसं जपून बोलायला लागतात. बाहेर पडलो की पहिला कट्टा सापडेल तिथे बसतो आणि ऐकलेलं त्यांच्याच तोंडच्या शब्दांत उतरवून काढतो. घरी गेल्यावर लिहू म्हटलं तर वाक्य आपल्या वळणाचं होऊन जातं, त्यांचं राहत नाही. एखादा जुना शब्द अडला तर दाते-कर्व्यांचा कोश उघडतो, त्याहून मागे जायचं असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती. सनावळ्या निदान दोन पुस्तकांत जुळल्याशिवाय लिहीत नाही. लोक त्या पुढे जशाच्या तशा पाठवत राहतात, म्हणून एवढी काळजी हवीच.

पहिला खर्डा हातानेच. वहीत डाव्या पानावर मजकूर, उजवं पान दुरुस्त्यांसाठी कोरं. सुरुवातीचा परिच्छेद बहुधा शेवटी काढून टाकतो, खरा लेख दुसऱ्यापासूनच लागलेला असतो.

टाइप करण्याआधी सगळं मोठ्याने वाचतो आणि जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडतो. आई घरात असली तर तिला वाचून दाखवतो. तिची भाजी अजून मंडईतूनच येते, त्यामुळे तिच्यासारखा श्रोता मला दुसरा नाही. लिंबांच्या वाट्यांपाशी तिने मला थांबवलं. म्हणाली, “वाटे लावले ते कळलं, पण वाटा कितीला ते लिही की. बाईमाणूस आधी भाव बघतं.” त्या आठवड्यात जाऊन भाव विचारून आलो आणि उजव्या पानावर घातला.